उजवा पाय

माझ्या विमानाचं इंजिन बंद पडलं नव्हतं.

हे सगळ्यात आधी लिहिते, कारण परुळे बाजारापासून कोर्जाईच्या जेटीपर्यंत सगळ्यांना उलटंच ठाऊक आहे. "मशीन फेल झाला म्हणे, पोरगी वाचली ह्याच मोठा," असं गेले पाच आठवडे लोक घरी येऊन आईला सांगतात. आई त्यांना चहा देते. मी गळ्यात हात अडकवून आतल्या खोलीत ऐकत बसते. ही बातमी गावात पोचली ती बाबांकडून, आणि बाबांना ती दिली मी. अपघाताच्या दिवशी दुपारी, दवाखान्याच्या खाटेवरून, फोनवर. "विमानात बिघाड झाला बाबा. मला फार लागलेलं नाही." यातलं दुसरं वाक्य बऱ्यापैकी खरं होतं. पहिलं नव्हतं.

बाबांना खरं सांगून आता बारा दिवस झाले. बाकीच्यांना एकेकाला गाठून सांगणं मला जमणार नाही, म्हणून इथे लिहितेय. ज्यांना वाचून दाखवायचं त्यांना आई दाखवेल.

आमच्या घरामागची चढण चढून गेलं की चिपीचा सडा. जांभ्याचं उघडं पठार. लहानपणी आम्ही तिथे गुरांमागे जायचो. मग कुंपण झालं, अडीच हजार मीटरची धावपट्टी झाली. २०१८ साली गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी चाचणीचं विमान गणपतीची मूर्ती घेऊन उतरलं तेव्हा मी नववीत होते, आणि आजीचा हात धरून कुंपणाबाहेर उभी होते. नेहमीची विमानं सुरू व्हायला ९ ऑक्टोबर २०२१ उजाडलं. तोवर मी बारावीला होते, फिजिक्स-मॅथ्स घेऊन. कॉलेजच्या बाईंनी एकदा कॅप्टन सौदामिनी देशमुखांबद्दल सांगितलं होतं: १९८५ साली इंडियन एअरलाइन्सचं फोकर फ्रेंडशिप, कॉकपिटमध्ये दोन्ही पायलट बायका, आणि कमांडर देशमुख. ते डोक्यात राहिलं. पुढचं सगळं सांगत बसत नाही. आजोबांनी लावलेली काजूची बाग आज बँकेकडे गहाण आहे आणि मी घाटावरच्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये शिकते, एवढं पुरे. कमर्शियल लायसन्सला २०० तास लागतात. अपघाताच्या दिवशी माझे ३४ झाले होते, त्यातले पाच एकटीने उडवलेले.

आता उजव्या पायाबद्दल. हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

सेसना १५२ हे दोन माणसांचं छोटं विमान. माणसं, पेट्रोल, सगळं धरून जास्तीत जास्त ७५७ किलो. ही विमानं १९८५ पर्यंतच बनली, म्हणजे मी ज्यात शिकते ते माझ्यापेक्षा कितीतरी वर्षांनी मोठं आहे. नाकावर एकच पंखा, आपल्या जागेवरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांसारखा फिरणारा. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवायचा दांडा, पूर्ण आत ढकललं की पंख्यामागची हवा विमानाला पीळ घालत मागे जाते आणि शेपटीच्या उभ्या पात्यावर डाव्या बाजूने आदळते. शेपूट उजवीकडे ढकललं जातं, नाक डावीकडे वळतं. पंखा एका दिशेने फिरतो तसं विमानाचं अंग उलट दिशेने कलायला बघतं, त्यामुळे डाव्या चाकावर भार जास्त येतो. सगळं मिळून विमान डावीकडे जायला बघतं. कुठे काही बिघडलंय म्हणून नाही. ते तसंच असतं, प्रत्येक वेळी.

म्हणून धावपट्टीवर वेग घेताना उजव्या पायाने रडरचं, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या सुकाणूचं, पेडल दाबून धरायचं. किती दाबायचं याला आकडा नाही. नजर धावपट्टीच्या पार टोकाला ठेवायची आणि नाक जरा सरकलं की पायाने परत आणायचं. नजर आणि पाय यांच्यामध्ये विचार येता कामा नये. पहिला महिनाभर सर दर टेकऑफला शेजारून एकच शब्द म्हणायचे, "पाय." दुसऱ्या महिन्यात म्हणायचे थांबले. आपला पाय आता आपोआप जातो, याचा मला फार अभिमान होता.

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा होता. रात्री परतीच्या पावसाची एक जोरदार सर येऊन गेली होती आणि सकाळी आठलाच ऊन चावायला लागलं होतं. सरांबरोबर तीन चकरा झाल्या. ते म्हणाले, "ठीक आहे, आता एकटी दोन मारून ये." उतरून त्यांनी बाहेरून उजवं दार लावलं, ते नीट लागलं की नाही ते दोनदा ओढून बघितलं आणि अंगठा दाखवून गेले. मी विमान जमिनीवरून चालवत धावपट्टीच्या तोंडाशी आले. इंजिनाची तपासणी केली, चेकलिस्ट मोठ्याने वाचली. त्यात एक ओळ आहे, "डोअर्स अँड विंडोज, लॅच्ड." मी माझ्या दाराची कडी दाबून बघितली आणि "लॅच्ड" म्हटलं. तेव्हा ती खरंच लागलेली होती.

मग थांबावं लागलं. एक विमान उतरत होतं, त्याच्यामागे आणखी एक. कॉकपिट म्हणजे काचेचा डबा, आणि ऑक्टोबर हीट. घाम पापणीवरून डोळ्यात यायला लागला, तेव्हा मी माझं दार जरासं उघडलं आणि कोपराने धरून ठेवलं. पंख्याचा वारा आत आला, बरं वाटलं. आमच्याकडे सगळेच असं करतात. दुसरं विमान उतरून बाजूला झालं तसं टॉवरने मला परवानगी दिली: धावपट्टी २९, वारा २५० अंशांवरून ८ नॉट, म्हणजे ताशी पंधराएक किलोमीटर. मी परवानगी परत म्हटली, दार ओढून घेतलं आणि निघाले. दार लागल्यासारखा आवाज झाला. कडी मात्र मी दाबली नाही.

यावर मी फार विचार केलाय. मी चेकलिस्ट विसरले नव्हते, आळसही केला नव्हता. ती ओळ माझी म्हणून झाली होती आणि डोक्यात तिच्यापुढे खूण पडली होती. दार त्यानंतर उघडलं गेलं. खूण मात्र पुसली गेली नाही.

मध्यरेषेवर आले. थ्रॉटल पूर्ण. टेम्परेचर, प्रेशर ग्रीन. एअरस्पीड अलाइव्ह. पाय जागेवर होता, नाक सरळ होतं. वेगाचा काटा चाळीसच्या पुढे सरकला. पन्नासला नाक उचलायचं.

आणि डाव्या कानाशी खाट्कन आवाज झाला आणि वारा आत शिरला.

तो आवाज कसा होता ते सांगता येत नाही. हेडफोन घातलेला असूनही वाटलं की विमानाची एक बाजूच निघाली. मांडीवरच्या क्लिपबोर्डचे कागद फडफडायला लागले. प्रत्यक्षात दार दोन-तीन बोटं उघडलं होतं, बस. त्यापलीकडे ते जातही नाही, समोरचा वारा त्याला दाबून धरतो. दार उघडं राहिलं तरी सेसना उडते, वळते, उतरते. हे पुस्तकात आहे, सरांनी सांगितलं होतं, मी स्वतः ज्युनिअर मुलींना सांगितलं होतं. एकतर दाराकडे दुर्लक्ष करून उडायचं, चक्कर मारून उतरायचं आणि मग कडी लावायची. नाहीतर थ्रॉटल बाहेर ओढायचं, ब्रेक लावायचे. पुढे धावपट्टी हवी तेवढी शिल्लक होती. दोन्ही बरोबर होतं.

मी दाराकडे बघितलं.

डावा हात योकवरून, म्हणजे विमानाच्या हँडलवरून, सुटून कडीकडे गेला. हातामागून खांदा, खांद्यामागून मान. आणि सगळं अंग डावीकडे पिळलं गेलं तसा उजव्या पायाचा दाब सुटला. हे मला तेव्हा कळलंच नाही. रात्री दवाखान्यात पडल्या पडल्या पायानेच ते आठवलं. पेडल तळव्याखाली हलकं झाल्याची जाणीव मागाहून आली. वारासुद्धा डावीकडूनच होता, आणि वारा ज्या बाजूचा त्या बाजूला विमान नाक वळवतं. दार माझ्या हातात आलं होतं. हे मला अजून टोचतं. मी ते जवळजवळ लावलं होतं.

मान वर केली तर काचेत मध्यरेषा नव्हती. गवत होतं.

तेव्हाही थ्रॉटल ओढलं असतं तर विमान बहुधा गवतात थोडं धावून थांबलं असतं. मी योक पोटाशी ओढला. डोक्यात एवढंच होतं की वर गेलं की सुटलो. विमान उचललं गेलं. जमिनीलगत हवेची एक गादी असते, तिच्यावर ते वेग पुरेसा नसतानाही क्षणभर तरंगतं आणि आपण उडालो असं वाटतं. मग डावा पंख बसला, विमान धावपट्टीबाहेर खाली आलं आणि पुढचं चाक रात्रीच्या पावसाने भिजलेल्या काळ्या मातीत रुतलं. चाकाचा दांडा मोडला, पंखा मातीत शिरला, शेपूट वर गेलं, आणि सगळं थांबलं. इंजिन थांबलं ते तेव्हा, मातीने थांबवलं म्हणून.

नंतर शांत झालं. पूर्ण शांत नव्हे; पॅनलमधले जायरो इंजिन थांबल्यावरही बराच वेळ फिरत राहतात, त्यांची बारीक घरघर चालू होती. पेट्रोलचा वास येत होता. मी पट्ट्यात पुढे लोंबकळत होते आणि हात आपली कामं करत होते: मिक्स्चर बंद, पेट्रोल बंद, मॅग्नेटो बंद, मास्टर बंद. ओठ फुटला होता, रक्त शर्टावर ठिबकत होतं. डाव्या खांद्यावर पट्टा जिथे येतो तिथे काहीतरी जागेवर नव्हतं. पट्टा सोडला आणि त्याच दारातून बाहेर पडले. ते उघडंच होतं.

क्रॅश टेंडर, म्हणजे धावपट्टीवरचा आगीचा बंब, येत होता. त्याच्याही आधी सर पोचले, चिखलातून पळत. साठीला आलेले आहेत, नागपूरचे, मी त्यांना कधी पळताना पाहिलं नव्हतं. त्यांनी विमानाकडे बघितलंच नाही. मला धरून पन्नास पावलं लांब नेलं, खाली बसवलं, आणि विचारलं, "डोकं आपटलं का?" मी नाही म्हटलं. त्यांनी आणखी काहीच विचारलं नव्हतं. मीच म्हणाले, "सर, अचानक वाऱ्याची गस्ट आली. मी लगेच थ्रॉटल बंद केलं."

दोन वाक्यं, दोन्ही खोटी. मी ठरवून बोलले नाही, तोंडातून तयारच बाहेर आली. त्यानंतर दुपारी फोनवर बाबांना "बिघाड" सांगितलं, आणि ते जास्त सोपं गेलं.

एक्स-रे काढला. डाव्या बाजूचं कॉलर बोन मोडलं होतं. ऑपरेशन नको, सहा आठवडे हात गळ्यात. अपघातानंतर करायच्या असतात त्या तपासण्या झाल्या, दारूची चाचणीही. तिसऱ्या दिवशी हॉस्टेलवर परत आले.

विमान अजून तिथेच होतं. परवानगी मिळेपर्यंत अपघातातलं विमान हलवायचं नसतं. नाक मातीत, शेपूट वर, अर्ध्या अंगावर ताडपत्री. मैत्रीण नको म्हणत असताना मी गेले. आमचे इंजिनिअर पंख्यापाशी उकिडवे बसून दोन ट्रेनींना काहीतरी दाखवत होते. मी मागे उभी आहे हे त्यांना माहीत नव्हतं. पात्याच्या टोकावर बोट ठेवून ते म्हणाले, "हे बघा, टोक पुढच्या बाजूला वळलंय. पंखा जोर लावून पुढे ओढत असताना आपटला की असं होतं. पॉवर नसती तर पाती मागे वाकली असती. शेवटपर्यंत फुल थ्रॉटल होतं."

त्यांनी कोणाला दोष दिला नाही. ते धातूबद्दल बोलत होते.

माझी वाऱ्याची गोष्टही कुठे टिकणारी नव्हती. टॉवरच्या नोंदीत ८ नॉट, आणि तोही तिरका. आडवा भाग जेमतेम ५ नॉटचा. या विमानाने १२ नॉटपर्यंतचा आडवा वारा सोसल्याचं कंपनीच्या पुस्तकातच लिहिलेलं आहे. पण मला आवर्जून सांगायचंय की नंतर मी खरं लिहिलं ते पकडली जाईन या भीतीने नाही. भीतीनेच लिहिलं असं कोणाला वाटलं तर उलट सिद्ध करू शकणार नाही. त्या पात्याकडे बघताना मला भीती वाटलीच नाही. शरम वाटली, ती त्या विमानाची. त्याने सांगितलं होतं तेवढं सगळं केलं होतं. फुल पॉवर दिली होती, मी ओढलं तेव्हा वेग नसतानाही उचलून बघितलं होतं, आणि आपटल्यावर पिंजरा शाबूत ठेवून मला बाहेर काढलं होतं. आणि मी त्याच्या नावावर बिघाड लिहिला होता.

पहिल्या आठवड्यात सरांनी ग्राउंड क्लासमध्ये एक गोष्ट सांगितली होती. ३० ऑक्टोबर १९३५, अमेरिकेत ओहायोमधला राईट फील्ड. बोइंगने लष्करासाठी बनवलेलं चार इंजिनांचं नवं विमान, मॉडेल २९९, टेकऑफ घेऊन सरळ वर चढलं, हवेत थांबल्यासारखं झालं आणि कोसळलं. मेजर हिल आणि कंपनीचे मुख्य चाचणी पायलट लेस्ली टॉवर या अपघातात गेले. दोघेही निष्णात. विमानात काहीही बिघाड नव्हता. उभं असताना वाऱ्याने शेपटीची पाती हलू नयेत म्हणून लावलेलं कुलूप काढायचं राहिलं होतं. पायलटच्या हातात चेकलिस्ट आली ती त्यानंतर. सर म्हणाले होते, "कुलूप राहिलं हे शोधून कागदावर लिहिलं गेलं, म्हणून तुमच्या मांडीवर आज तो कागद आहे." तेव्हा मी ते वहीत उतरवून घेतलं होतं आणि खाली रेघ मारली होती.

एअर रेग्युलेशन्सच्या पेपरसाठी आणखी एक पाठ केलं होतं: अपघाताचा तपास दोष ठरवण्यासाठी नसतो, पुढचा अपघात टाळण्यासाठी असतो. शिकागो कराराच्या परिशिष्ट १३ मध्ये ते आहे. आपल्याकडे २०१२ मध्ये अपघातांच्या तपासासाठी वेगळा विभाग झाला, त्याच्या अहवालांतही सुरुवातीलाच हे छापलेलं असतं. परीक्षेत या प्रश्नाचे मार्क मी कधी घालवले नाहीत.

त्या रात्री उजव्या हाताने दोन पानं लिहिली. दार कधी उघडलं, का उघडलं, कडी कशी राहिली, आवाज, नजर, हात, पाय, योक. "थ्रॉटल बंद केले नाही" हे वाक्य लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. सकाळी सरांकडे दिलं आणि म्हणाले, "सर, त्या दिवशी मी तुम्हाला वेगळं सांगितलं होतं." त्यांनी उभ्या उभ्या वाचलं, मग बसून परत वाचलं. म्हणाले, "थांबताना दार उघडं ठेवता हे मला माहीत आहे. मीही ठेवतो. त्यातून असं होईल हे कधी मनात आलं नाही." कागद घडी न घालता फाइलमध्ये ठेवला. परवा मैत्रिणीने कळवलं की धावपट्टीवर वळण्याआधी दाराला हात लावून म्हणायची एक ओळ आता चेकलिस्टमध्ये शेवटी आली आहे. मला रडू आलं.

त्याच मैत्रिणीची पहिली सोलो, म्हणजे पहिलं एकटीचं उड्डाण, अपघाताच्या दिवशी अकराला होती. त्याच विमानात. पंखा असा आपटला की इंजिन वरून कितीही ठीक दिसो, पूर्ण उघडून तपासावं लागतं. दोन विमानांवर आमची सगळी बॅच होती, आता एकावर आहे. प्रत्येकाचे तास लांबले, प्रत्येकाच्या घरी हप्ते आहेत. तिची सोलो साडेतीन आठवड्यांनी झाली. तिने मला फोटो पाठवला, भिजलेला. पहिल्या सोलोनंतर अंगावर बादली ओततात. ती एका शब्दाने मला कधी बोलली नाही. माझ्यामुळे कोणाकोणाचं काय थांबलं याची मी यादी केली आहे, ती इथे देत नाही.

मग मी कुडाळला उतरले, घरी आले.

घरी कोणी काही विचारलं नाही, कारण सगळ्यांना उत्तर माहीत होतं. आई पेजेबरोबर रोज काहीतरी वेगळं करायची. बाबा जेटीवरून आले की खांद्याकडे बघायचे आणि "दुखता?" एवढंच विचारायचे. मी नाही म्हणायचे. कळलं ते आजीला. मी पडवीत खुर्चीवर बसलेली असायचे आणि ती खाली बसून कोकमं निवडत असायची. एके दिवशी म्हणाली, "गो बाय, तुज्या पायाक काय झाला? कित्याक दाबतंस?"

मी खाली बघितलं. उजवा पाय पुढे सरकवून मी टाच शेणाने सारवलेल्या जमिनीवर टेकवली होती आणि चवडा दाबून धरला होता. तिथे बारीकशी खळी पडली होती. सड्यावरून एटीआर विमान उडालं की आवाज आमच्या अंगणातून जातो. आजी म्हणाली, विमान वाजला की तू असा करतंस, मी चार दिस बघतंय.

त्या संध्याकाळी बाबांना सांगितलं. ते खळ्यात बसून बोटीच्या आउटबोर्ड इंजिनाचा प्लग साफ करत होते. बाबा कोर्जाईहून पर्यटकांची बोट चालवतात, कर्ली खाडीतून भोगवे, देवबागच्या बाजूला. त्याआधी मासेमारी. आयुष्य पंख्यामागे गेलेलं माणूस. मी समोर उभी राहून सगळं सांगितलं, फोनवर खोटं बोलले हेसुद्धा. ते प्लग पुसत राहिले.

"मशीन चालू होता?"

"हो."

"फुल्ल?"

"फुल्ल."

प्लग फडक्यात गुंडाळून ते आत गेले. जेवताना बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, ते बागेचा विचार करतायत. नंतर आईकडून कळलं की जेटीवर दहा जणांना त्यांनी छातीवर हात मारून सांगितलं होतं, "माझ्या चेडवाची चूक नाय, मशीनान दगो दिलो," त्याचा विचार करत होते.

तिसऱ्या दिवशी पहाटे म्हणाले, "चल जेटीर."

उजाडत होतं, मतलई वारा होता, खाडी सपाट. बोटीत आम्ही दोघंच. पाण्यात थोडं आत गेल्यावर बाबा सरकले आणि म्हणाले, "धर." मी उजव्या हाताने टिलर, म्हणजे बोट वळवायचा दांडा, धरला. त्यांनी माझ्या मुठीवर हात ठेवून मूठ पिळली, इंजिनाचा आवाज चढला आणि टिलर हाताला ओढ द्यायला लागला. एकाच बाजूला. सोडला असता तर बोट गोल फिरली असती. लहानपणापासून मी हा टिलर शंभर वेळा धरलाय. ओढ नेहमीच होती, माझं लक्ष कधी गेलं नव्हतं.

"पंख्याचो पीळ तो," बाबा म्हणाले. "तुज्या विमानाचा असाच?"

"असंच. फक्त हातात नाही, पायात."

त्यांनी माझ्या उजव्या पायाकडे बघितलं. आजीने त्यांनाही सांगितलं असणार.

"मगे दरवाज्याक कित्याक बघलंस?"

"आवाज झाला म्हणून."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. खाडीच्या तोंडाशी लाट फुटत होती, तिथून त्यांनी बोट वळवली. परत येताना म्हणाले, "आवाज झालो की माणूस बघतलोच." ते मला समजावत होते की स्वतःला, कळलं नाही. मी टिलर सोडला नाही, जेटीपर्यंत मीच आणली.

पुढच्या आठवड्यात खांद्याचा एक्स-रे, मग मेडिकल. हात खांद्याच्या वर जातो, कानाला अजून टेकत नाही. फिट ठरले तर सरांबरोबर पुन्हा सुरुवातीपासून, सोलो कधी ते सर ठरवतील. मला किती भीती वाटेल ते विमानात बसल्याशिवाय समजणार नाही.

त्या सकाळचं एक राहिलं. जेटीला लागलो तेव्हा शेजारच्या बोटीवरचे काका कॅन भरत होते. मला बघून त्यांनी हाक मारली, "काय गो बाय, हात बरो हा मा? मशीनान दगो दिल्यान तुका."

मी तोंड उघडलं होतं. त्याआधी बाबा बोलले, दोरी खांबाला घालता घालता, त्यांच्याकडे न बघता.

"मशीन बरा होता. दरवाजो लागूक नाय होतो, तो उघाडलो. हिणा थंय बघल्यान."

काका कॅन हातात धरून उभे राहिले. "दरवाजो?"

"दरवाजो," बाबा म्हणाले, आणि दोरीचं दुसरं टोक माझ्या उजव्या हातात दिलं.